कान भरणारी

रंगमंचाच्या ओठाशी एक खोकं होतं,
त्यात मी एकतीस वर्षं बसले.
प्रेक्षकांकडे पाठ, नटांच्या बुटांकडे तोंड,
मांडीवर वही, गुडघ्यांवर घोंगडी,
कारण पोतीच्या बंदरावरचा वारा
फळ्यांच्या फटींतून थेट हाडांत शिरतो.

नाटकं पुष्कळ झाली.
पण दर हिवाळ्यात ते एक लागायचंच :
सेनापती, त्याची नवी बायको,
आणि गोड बोलणारा हाताखालचा माणूस.
पुरावा म्हणाल तर एक रुमाल.
तो मीच धुवायचे, मीच इस्त्री करायचे,
कोपऱ्यातली लाल वेल मी दोनदा नव्यानं भरली.

मासे विकणाऱ्या बायका यायच्या,
क्रेनवाले, जकातीचे कारकून, शाळेतली पोरं.
शेवट सगळ्यांना पाठ.
तरी तिसऱ्या अंकात खोकले थांबायचे,
सूर्यफुलाच्या बिया दातांत तशाच राहायच्या.
एकदा सज्जातून कुणी म्हातारा ओरडला,
“अरे गाढवा, तिलाच विचार ना!”
कुणीही हसलं नाही.

मला तर फार सोपं होतं.
तो हलकट कान भरायचा,
मीही कानच भरायचे, महिन्याच्या पगारावर.
टाळ्या मात्र त्याला.

एका रात्री एल्गुजा अडला.
हातात रुमाल, आणि पुढची ओळ गेली.
त्यानं खाली माझ्याकडे पाहिलं,
बुडणारा दोराकडे बघतो तसं.
चार सेकंद असतील.
तेवढ्यात मी म्हणू शकत होते :
चोरीचा आहे तो. घरी जा. जेवा दोघं.
जीभ टाळूला लावूनही ठेवली होती.
मग वहीतली ओळ दिली
आणि ती मेली,
ठरल्याप्रमाणे, दहा वाजून वीस मिनिटांनी.

मला ठाऊक नव्हतं
की ती नजर शेवटच्या रांगेतून बोंदोनंही पाहिली.
माझा नवरा. बंदरावर क्रेन चालवायचा.
नाटकबिटक आपल्याला झेपत नाही म्हणायचा,
आणि अकरा हिवाळे गुपचूप तिकीट काढून येत होता.
त्याला खोकं दिसायचं, मी नाही.
दिसायचा एक देखणा पुरुष
जो अडला की माझ्याकडे वळतो.

घरी राजमा शिजत होता, कोथिंबीर चिरायची होती.
मनात पाल चुकचुकावी तर तीही चुकचुकली नाही.
त्यानं टोपी काढली नाही.
पाव कापायची सुरी ओट्यावर होती,
आम्ही दोघांनी ती एकदमच पाहिली.
मग फाटक्या आवाजात तो म्हणाला,
“नाझिब्रोला, तो तुझ्याकडे असा का बघतो?”

एवढं एक वाक्य.
वहीत ते कुठल्याच पानावर नाही,
समासातसुद्धा नाही, मी शोधलंय.

“ओळ विसरतो रे,” मी म्हटलं.
तो बसला. जेवला. मीठ कमी आहे म्हणाला.
पुरतं पटलं असेल असं नाही.
तो गेल्यावर कोटाच्या अस्तरातून
अकरा अर्धी तिकिटं निघाली, दोऱ्यानं बांधलेली,
आणि सुटं एक बारावं,
त्या रात्रीनंतरच्या हिवाळ्यातलं.
त्याबद्दल विचारायचं माझंच राहून गेलं.

आता खोक्यावर फळी ठोकलीय.
नव्या पोरांना सगळं पाठ असतं, कुणी खाली बघत नाही.
काल मी समोरून नाटक पाहिलं,
रांग सात, खुर्ची एकोणीस.
इतकी वर्षं बूट ओळखायचे,
त्यांच्यावर तोंडं असतात हे विसरलेच होते.

शेजारी गोदीतली कुणी नुत्सा,
पहिल्यांदाच आलेली नव्हे, तिसऱ्यांदा.
रुमाल वर आला.
तिनं माझं मनगट गच्च धरलं :
“आज विचारेल का हो तो?”

पुढची ओळ माझ्या ओठांवर होती.
“बघू या,” मी म्हटलं,
आणि खरंच बघत राहिले.